साबणाची नवी वडी

आमच्या बाथरूममध्ये आरशामागे एक कपाट आहे. ते उघडलं की काहीतरी खाली पडायचंच. अर्ध्या शाम्पूच्या बाटल्या, पाऊण भरलेल्या क्रीमच्या डब्या, मधोमध दाबून वाकडी झालेली टूथपेस्ट, पंप तुटलेलं हँडवॉश. ही सगळी खरेदी माझी. संध्याकाळी कार्यालय सुटलं की मी मेट्रोने सीताबर्डीला उतरतो आणि जरीपटक्याला घरी जाण्याआधी बाजारातून एक चक्कर मारतो. हातात एखादी बाटली आल्याशिवाय मला परत फिरता येत नाही. बायको म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, आमचे शाम्पू आणतात." ती हसून म्हणायची, म्हणून मीही हसायचो.

याचं कारण मला ठाऊक आहे, पण ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माझ्या लहानपणी गावच्या घरी सात माणसांत अंगाच्या साबणाची एक वडी असायची. आई दोरा दोन्ही हातांत ताणून धरायची, वडीवर ठेवून खाली दाबायची आणि वडीचे दोन तुकडे करायची. एक मोरीत जायचा, दुसरा ट्रंकेत. तो तुकडा झिजून नखाएवढा झाला तरी चालायचा, आणि ट्रंकेतला निघायला उशीर झाला तर आम्ही कपड्याच्या साबणाने आंघोळ करायचो. वर्गात माझ्या हाताला तो वास यायचा. तो वास इतरांनाही येतो हे मला सातवीत कळलं. नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा काय आणलं असेल, तर तीन वेगवेगळे साबण. तेव्हापासून बाटलीच्या तळाशी थोडं उरलं की ते मला बघवत नाही. मी नवी फोडतो आणि जुनी मागे सरकवून देतो. टाकून द्यायचाही धीर होत नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या. भिवापूरला त्या एकट्याच राहायच्या. मागच्या अंगणातल्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तासभर तिथेच पडून होत्या. सासरे जाऊन सहा वर्षं झालेली, आणि माझी बायको त्यांची एकुलती एक लेक. आम्ही त्यांना नागपूरला आणलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे लागतील. मग बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, यापुढे यांना एकटं ठेवू नका.

बायकोने ते मला सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात विनंती होती. मला त्या विनंतीचंच वाईट वाटलं. "त्यात विचारायचं काय? इथेच राहतील," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. आमची मुलगी पुण्याला शिकायला गेली होती, तिची खोली रिकामीच होती.

पण सासूबाई लेकीच्या घरचं पाणी पितानाही दोनदा विचार करणाऱ्या पिढीतल्या. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या काळात त्या आमच्याकडे सलग चार दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. मला त्या कायम 'जवाईबापू' म्हणत आणि मी खोलीत आलो की पदर सावरून उठून उभ्या राहत. बायकोने राहण्याचा विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "प्लास्टर निघालं का मी चालली. जवाईच्या घरी ठाण मांडून बसली म्हणतीन लोकं."

"कोण म्हणते ते?"

"मीच म्हणीन पहिले."

म्हणजे आमच्या हातात सहा आठवडे होते. तेवढ्यात त्यांचं मन इथे रमावं आणि त्यांनी त्या पायऱ्यांच्या घरी एकटं परत जाऊ नये, एवढंच आम्हा दोघांना हवं होतं.

सुरुवात फार चांगली झाली. सासूबाईंना स्वस्थ बसता येत नव्हतं. एक डावा हात आणि दात, एवढ्या भांडवलावर त्यांनी आमचं घर तळापासून खरवडायला घेतलं. साबणाच्या उरलेल्या पातळ चकत्या त्यांनी लसणाच्या जाळीदार पिशवीत भरल्या, दातांनी गाठ मारली आणि ती जाळी बेसिनच्या नळाला टांगली. टूथपेस्टची नळी पोळपाटावर ठेवून लाटण्याने लाटली, मग कात्रीने तिचं पोट फाडलं. मी संपली म्हणून टाकलेल्या त्या नळीत आम्हा तिघांचे चार दिवस निघाले. भांड्यांच्या साबणाची बाटली पेल्यात डोक्यावर उभी राहिली. बायको सकाळी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, बाटली कुठे गेली?" आणि आतून उत्तर यायचं, "शीर्षासन करून राहिली, थांब जराशी!"

घरात हसण्याचा आवाज वाढला होता. मीही खूश होतो. पण खरं सांगायचं तर बेसिनवर टांगलेली ती जाळी मला रोज सकाळी टोचायची. त्यात पांढरे, गुलाबी, हिरवे तुकडे एकमेकांना चिकटलेले. मला त्यात आमची मोरी दिसायची. शिवाय खिडकीत एक काचेची छोटी डबी आली होती. तिच्यात पिवळट पांढरं काहीतरी थरांनी साचत चाललं होतं. ते काय आहे, हे मी कधी विचारलं नाही.

त्या आल्याला दोन आठवडे झाले असतील. एका रविवारी आमचे साहेब आणि त्यांच्या पत्नी अकरा वाजता चहाला यायचे होते. सकाळी आठच्या सुमाराला मी बाथरूम आवरायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी जाळी काढली, डबी उचलली, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या पिशवीत केळीच्या सालींखाली दाबली. नळाजवळ नवं हँडवॉश ठेवलं. मागे वळून पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

साहेब आले, वीस मिनिटं बसले, त्यांच्या सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलले आणि गेले. बाथरूमकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

दुपारी सासूबाईंनी बायकोला विचारलं, "माझी डबी पाहिली का वं? खिडकीतली?"

बायको इकडेतिकडे शोधू लागली. तेव्हा मी सोफ्यावरून म्हणालो, "बाईने टाकली असेल कचऱ्यात." इतक्या सहज म्हणालो की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई नऊ वर्षांपासून येतात. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना जरा लागेल असंच विचारलं. त्या हातातली कढई तशीच धरून उभ्या राहिल्या. "मी कशाले फेकीन ताई? नऊ वर्षं झाले. तुमच्या घरचा एक चमचा तरी गेला का?"

"चोरी म्हणत नाही मी. चुकून गेली असेल."

"चुकूनबी नाही."

मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे ते डोळ्यांसमोर धरलं होतं.

त्या संध्याकाळी मी सीताबर्डीला उतरलो आणि मनाला लागलेली टोचणी मला जशी काढता येते तशी काढली. सासूबाईंसाठी चंदनाच्या साबणाची वडी, भारीतलं क्रीम, खोबरेल तेल, पावडर, कंगवा आणि एक जाड पंचा घेतला. घरी येऊन सगळं त्यांच्या खोलीतल्या स्टुलावर नीट मांडलं. त्यांनी पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"कायले इतकं जवाईबापू?"

"असू द्या आई. तुम्हाला नको का चांगलं काही?"

त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं, पण ते लक्षात यायला मला आठवडा लागला. सासूबाई स्वयंपाकघरात जाईनाशा झाल्या. आंघोळ झाली की त्या साबणाची वडी कोरडी करून परत तिच्या कागदात गुंडाळायच्या. पाणी हवं असलं तर मागायच्या. दिवसभर गॅलरीत उन्हात बसून राहायच्या, प्लास्टरचा हात मांडीवर आणि डावा त्याच्यावर. भांड्यांच्या साबणाची बाटली पुन्हा सरळ उभी राहिली आणि बायकोने ती संपली म्हणून टाकून दिली. जेवताना सासूबाई विचारायच्या, "आज कोणता वार? किती दिवस राहिले प्लास्टरचे?"

एक दिवस मी कार्यालयातून आलो तर बायको मुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. सासूबाई गॅलरीत होत्या. आत पलंगावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती, वरच्या बाजूला साड्यांची घडी दिसत होती.

"अजून तीन आठवडे आहेत प्लास्टर निघायला," बायको म्हणाली, "आणि ही आत्तापासून भरून बसली. काय चुकलं हो आपलं?"

मी कपडे बदलायला निघून गेलो. जेवणानंतर ती पाय वर घेऊन टाचांना तेल लावत होती. हिवाळ्यात तिच्या टाचा भेगाळतात, रक्त येतं. मी म्हणालो, आईंसाठी आणलेलं क्रीम लाव की. ती म्हणाली, "ते तिच्यासाठी आणलेलं आहे. आईने माझ्यासाठी केलं होतं ना. आपल्या कपाटातल्या सगळ्या डब्यांचे तळ काडीने कोरले, त्यात मेण पातळ करून घातलं. डाव्या हाताने. दहा दिवस लागले तिला. तीच डबी गेली."

मी गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिलो.

तरीही मी कबूल केलं नाही. अजून चार दिवस गेले. मी स्वतःला समजावत होतो की आता सांगून डबी थोडीच परत येणार आहे. पाचव्या दिवशी मला कार्यालयात उशिरा जायचं होतं, म्हणून बाई आल्या तेव्हा मी घरी होतो. काम झाल्यावर त्यांनी कचऱ्याची पिशवी दारात आणली, खाली बसल्या आणि बायकोला हाक मारली. "ताई, पाहून घ्या." पिशवीचं तोंड उघडून त्या एकेक गोष्ट वर करून दाखवू लागल्या. चहाचा चोथा. कोबीची पानं. फाटका लिफाफा. बायको ओशाळून म्हणत होती, "अहो रोज रोज कशाला? मी कुठे काही म्हणते?" बाई म्हणाल्या, "नाही, पाहून घ्या. मग माझ्यावर नको."

रोज. त्या दिवसापासून रोज हे चाललं होतं आणि मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी सासूबाई गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. बाई फरशी पुसत होत्या, बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. मी जाऊन उंबऱ्यात उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच आखूड निघालं.

"ती डबी मी टाकली. जाळीही. साहेब येणार होते म्हणून. बाईंनी काही केलेलं नाही."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाई फडक्यासकट उभ्या राहिल्या. सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माहीत आहे मले."

"कसं?"

"डबी साडेआठले खिडकीत नव्हती. हे बाई आली दहाले. घड्याळ येते मले वाचता."

मी काही म्हणायच्या आधीच बाई भडकल्या. "माहीत होतं? मावशी, तुम्हाले माहीत होतं? मी पंधरा दिवस झाले कचरा उघडून दाखवून राहिली इथं! बोलल्या काहून नाही?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं बाई. जवाईचं नाव कसं घेऊ वं? त्याहिच्याच घरी बसून?"

"हे चांगलं आहे. जवाई मोठा, अन् मी काय रस्त्यावरची?"

मी हात जोडले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असलेल्या त्या बाईंपुढे मी हात जोडून उभा होतो आणि मला रडू येत होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग फडकं बादलीत पिळलं.

"हात जोडून काय होते भाऊ? पंधरा दिवस कचरा तुम्ही न्या. अन् नेतानी मले उघडून दाखवा."

बायको फसकन हसली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी नेला. पंधरा दिवस मी कामावर जरा उशिरा गेलो आणि रोज दारात बसून बाईंना कचरा उघडून दाखवला. त्या कंबरेवर हात ठेवून तपासायच्या. "ह्या कांद्याच्या पातीचं काय झालं? हिरवी तर आहे." बायकोला तेही ऐकून घ्यावं लागायचं.

पण त्या रविवारी गॅलरीतलं बोलणं तिथे संपलं नव्हतं. बाई आत गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "डबी टाकली म्हणून तुम्ही जायचं ठरवलं का?"

"डबीचं काय जी. डबी गेली त गेली." त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट घेतला. "तुम्ही वडी आणली ना चंदनाची."

"ती चांगली नाही का?"

"चांगली आहे. आपल्याकडे पाव्हण्याले नवी वडी काढून देतात. तुम्ही भिवापूरले आले का मी पेटीतून नवी वडी काढत होती. तुम्हाले वापरलेली देईन का? तुम्ही गेल्यावर ते वडी आम्ही दोघं महिनाभर पुरवत होतो." मग म्हणाल्या, "इथं मी जाळी करून राहिली होती. घरच्यासारखं. तुम्ही ते फेकली अन् मले नवी वडी देली. मी समजली."

मी कळवळून म्हणालो की माझ्या मनात तसं नव्हतं. ते खरंच होतं. पण पंचवीस वर्षं त्यांच्या घरी मला मिळालेल्या प्रत्येक वडीवरची अक्षरं कोरी करकरीत असायची, आणि मी ते माझ्या मानाचं समजत होतो, हेही खरं होतं. त्या घरच्या मोरीत उरलेला साबण कसा दिसतो, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी बाथरूममधलं कपाट पूर्ण रिकामं केलं. कपडे धुवायच्या मोठ्या टबमध्ये सगळं भरलं आणि टब गॅलरीत त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"आई, मला हे संपवता येत नाही. शिकवाल का?"

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पंचवीस वर्षांत त्या आठ्या मी माझ्यासाठी पहिल्यांदा पाहिल्या. "हे सगळं अर्धं काहून आहे?"

मग मी सांगितलं. ट्रंक, दोरा, कपड्याचा साबण, वर्गातला वास. बायकोही ऐकत होती, तिलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्या काहीतरी सांत्वनाचं बोलतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "दोऱ्यानं कापत होत्या? हुशार होत्या तुमच्या आई. सुरीनं कापलं का चुरा पडते. दोऱ्यानं एक कण जात नाही."

इतकंच. आणि त्यांनी टबमधली शाम्पूची एक बाटली उचलून माझ्या हातात दिली. "यात दोन चमचे कोमट पाणी घाला. हलवा. लोकरीच्या कपड्याले होते."

मी उठलो. त्या आधी कधीही मला हे आणा, ते करा असं म्हणालेल्या नव्हत्या. जावयाला काम सांगायचं नसतं. आता उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि समोर टबभर अर्धवट बाटल्या, त्यामुळे त्यांचाही नाइलाज होता. सुरुवातीला त्या म्हणायच्या, "जवाईबापू, तेवढं झाकण काढता का?" दोन दिवसांत ते "झाकण काढा" झालं. आठवड्याने, "तसं नाही! अर्धं सांडवलं ना!"

दोन आठवडे आमचा हाच उद्योग चालू होता. बायको त्याला कारखाना म्हणायची. सकाळी कामावर जाण्याआधी तासभर आणि रविवारी पूर्ण दुपार. मी पावडरच्या डब्याचं वरचं झाकण सुरीने उचकटायला शिकलो. कडेला चिकटलेली पावडर माझ्या शर्टावरच्या भाजीच्या डागावर रात्रभर घालून ठेवली तर तेल शोषून घेते. बाटलीत थिजलेलं खोबरेल उन्हात ठेवायचं, पातळ झालं की दुसऱ्या बाटलीच्या तोंडावर उलटी धरून बसायचं, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलवायचा नाही. माझा हात दुखायला लागायचा. त्या म्हणायच्या, "फायली उचलून उचलून एवढीच ताकद आली का?" मुलीच्या तीन लिपस्टिकींचे तळ काडीने कोरून त्यात थोडं तूप घातलं, तर ओठांना लावायला एक लालसर डबी झाली. मुलीला फोनवर दाखवली. ती किंचाळली, "बाबा, हे तुम्ही केलं?" आजी मागून म्हणाली, "त्याहिनं फक्त कोरलं. डोकं माझं आहे."

टाचांचं क्रीमही पुन्हा केलं. या वेळी चंदनाच्या साबणाबरोबर आणलेली भारी डबी त्यांनी स्वतःच उघडली आणि अर्धी त्यात घातली. मी मेण पातळ केलं, बोट भाजलं. संध्याकाळी बायकोच्या टाचांना त्यांनीच डाव्या हाताने ते लावलं, आणि मी दिवा जवळ धरला. ती डोळे मिटून बसली होती. त्या वेळी मला घरात काही कमी आहे असं अजिबात वाटलं नाही.

माझं सीताबर्डीला उतरणं सुटलं, असं मी म्हणणार नाही. दोनदा उतरलो. एकदा रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्यांदा पेरू घेतले.

पण पलंगावरची ती भरलेली पिशवी तशीच होती. आम्ही दोघं खोलीत गेलो की तिच्याकडे बघायचो आणि बाहेर यायचो. विचारायची हिंमत होत नव्हती. मला वाटत होतं, मी फेकलेल्या डबीची भरपाई झाली असेल, पण म्हणून त्यांनी राहावं असं मागायचा हक्क मला आला आहे का, ते मला कळत नव्हतं.

प्लास्टर निघालं. मनगट बारीक, पांढरट दिसत होतं. डॉक्टरांनी मूठ मिटायला सांगितली, सासूबाईंनी मिटून दाखवली. दवाखान्यातून परत येताना गाडीत त्या बराच वेळ मूठ मिटून-उघडून पाहत होत्या. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "जवाईबापू, शनिवारी मले भिवापूरले घेऊन चला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहून "हो" म्हणालो. काय म्हणणार? शनिवारी सकाळी त्या ती भरलेली पिशवी घेऊनच निघाल्या. बायको फाटकापर्यंत आली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. उमरेड ओलांडेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. पायऱ्यांना कठडा लावून घेऊ, शेजारणीला सांगून ठेवू, दर रविवारी मी येत जाईन. एकही वाक्य बाहेर आलं नाही.

त्यांनी कुलूप उघडलं. घरात बंद राहिल्याचा वास होता आणि भांडारात मिरचीचा. मी मागचं दार उघडून त्या पायऱ्या पाहून आलो. परत आलो तर त्यांनी पिशवी रिकामी केली होती, साड्या पलंगावर काढून ठेवल्या होत्या. मला वाटलं, संपलं. आता त्या कपाटात लावतील. तेवढ्यात शेजारीण दारात आली. "आल्या का काकू! बरं झालं. राहता ना आता?"

"नाही जी. सामान न्यायले आली."

मी भिंतीला टेकलो.

त्यांनी कपाटातून चांगल्या साड्या काढल्या, पलंगावरच्या जुन्या शेजारणीला दिल्या. नंतर मात्र त्यांचं खरं काम सुरू झालं. अर्धी संपलेली हळद. बुडाला लागलेलं तिखट. मेणबत्तीचा एक बोटभर तुकडा. नीळ. निम्म्यावर आलेलं दंतमंजन, काड्यापेटी, कापराची डबी. मोरीतून साबणाची एक चकती आणून त्यांनी कागदात बांधली. मी पिशवी धरून उभा होतो आणि त्या एकेक वस्तू आत ठेवत होत्या. कोरं, न फोडलेलं जे काही होतं ते सगळं शेजारणीला दिलं. शेवटी त्या संडासाच्या कोपऱ्यातून फिनाइलची बाटली घेऊन आल्या. तळाशी चार बोटं असेल.

"आई, फिनाइल पण?" मी म्हणालो. "आपल्याकडे आहे ना घरी."

"मग? इथं ठेवून कोण संपवीन?"

झाकण नीट बसत नव्हतं. मी ते दोनदा फिरवून पाहिलं, मग त्यांनी माझ्या हातातून घेतलं, झाकणाखाली चिंधीचा तुकडा घातला आणि उजव्या हाताने आवळून बसवलं. परतीच्या वाटेवर ती बाटली त्यांनी दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरली होती. उमरेडला मी चहासाठी गाडी थांबवली, तर त्या उतरायला तयार नाहीत. बाटली आडवी होईल म्हणाल्या. मग मी टपरीवरून दोन चहा घेतले आणि त्यांचा गाडीतच नेऊन दिला.